किल्ली अडली म्हणून तारा जोडू नका

पंढरपूरकडच्या वाचकांना उसाचा हंगाम काही नव्याने सांगायला नको. काळ्या मातीची धूळ उडवीत, मागे दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात. ही धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती शिरणार नाही अशी फट सापडणे कठीण. किल्लीचे छिद्र तर तिला आयतेच घर!

अशाच एका ट्रॅक्टरची किल्ली अडलेली मी पंढरपूरच्या एका गॅरेजात पाहिली. किल्ली आत जात होती, पण फिरत नव्हती. ट्रॅक्टरवाल्या दादांनी पक्कड उचलली, तसे मिस्त्री म्हणाले, "दादा, पक्कड ठेवा खाली. किल्ली मोडली तर अर्धी आत राहील, मग काम दुप्पट!" दादा घाईत होते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि त्याचे वजन घटते. "मग तारा जोडून डायरेक्ट करून द्या," ते म्हणाले.

हे 'डायरेक्ट' प्रकरण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. स्विचच्या तारा एकमेकींना जोडायच्या, नाही तर खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हरने स्टार्टरचे दोन नट जोडायचे. हे चातुर्य आहे असे पुष्कळांना वाटते. मला ते तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगतो.

डीझेल इंजिनात ठिणगी नसते. 1897 साली रुडॉल्फ डीझेल यांनी यशस्वी करून दाखवलेले हे इंजिन हवा इतकी दाबते की तिचे उष्णतामान 500 अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि त्यात फवारलेले डीझेल आपोआप पेटते. म्हणजे 'इग्निशनची किल्ली' हे नाव पेट्रोलच्या गाडीकडून उसने आलेले! यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये किल्लीचे मुख्य काम म्हणजे स्टार्टरला हुकूम देणे. बॅटरी 12 व्होल्टचीच असते, पण स्टार्टर क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो. एवढा प्रवाह किल्लीच्या नाजूक स्विचला झेपणार नाही. म्हणून स्विच फक्त थोडा प्रवाह सोलेनॉइडला देतो आणि सोलेनॉइड मोठा मार्ग जोडतो.

या छोट्या प्रवाहाच्या वाटेत पुष्कळ ट्रॅक्टरांत आणखी एक पहारेकरी बसवलेला असतो. क्लच दाबलेला नसेल किंवा गाडी गिअरमध्ये असेल, तर तो प्रवाह अडवतो. स्टार्टरवर स्क्रूड्रायव्हर टेकवला की या पहारेकऱ्याला कोणी विचारतच नाही. गाडी गिअरमध्ये राहिलेली असेल, तर ती सुरू होताक्षणी चालू लागते. आणि स्क्रूड्रायव्हर धरणारा माणूस कोठे उभा असतो? पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, थेट मोठ्या चाकाच्या वाटेवर. असे अपघात जगभर झालेले आहेत आणि त्यांत माणसे मेली आहेत. ट्रॅक्टरभोवती घरची मुलेही खेळत असतात, हे विसरू नका.

मिस्त्रींनी डायरेक्ट करायला साफ नकार दिला. त्यांनी सर्वांत आधी बॅटरीची ऋण तार काढली. ट्रॅक्टरचे सारे लोखंडी अंग बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेले असते. काम करताना पाना जिवंत तारेला आणि अंगाला एकदम लागला, तर मोठी ठिणगी उडते. मग त्यांनी हवेच्या नळीने छिद्रातली धूळ उडवली आणि पातळ तेलाचे दोन थेंब सोडले. असे तेल केशाकर्षणाने बारीक फटींत शिरते. पण नेहमीसाठी तेल घालणे वाईट, कारण तेल आणि धूळ मिळून चिकट लेप तयार होतो. त्यापेक्षा ग्राफाइटची कोरडी पूड बरी. तिचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. (तुमच्या शिसपेन्सिलीत शिसे नसून हेच ग्राफाइट असते, पण त्यात मातीही मिसळलेली असते, कुलपाला ती नको.)

तरीही किल्ली फिरेना. मिस्त्रींनी ती उजेडात धरली. वर्षानुवर्षे वापरून तिचे दाते गुळगुळीत झाले होते. "घरी दुसरी किल्ली हाय का?" त्यांनी विचारले. दादांनी मुलाला घरी पिटाळले.

तो येईपर्यंत कुलपाचे पोट समजून घेऊ. आत एक गोल नळकांडे असते आणि त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या पितळी पत्र्या. किल्ली नसताना या पत्र्या नळकांड्याच्या बाहेर डोकावतात आणि त्याला फिरू देत नाहीत. योग्य किल्लीचे दाते प्रत्येक पत्रीला नेमके हवे तेवढे सरकवतात. मग साऱ्या पत्र्या आत येतात आणि नळकांडे फिरते. दाते झिजले किंवा मध्ये लेप साचला की एखादी पत्री केसभर बाहेर राहते. तेवढे पुरते.

मुलगा किल्ली घेऊन आला. ती कपाटात पडून राहिल्यामुळे नवीकोरी होती. मिस्त्रींनी ती घातली, हलकेच मागेपुढे केली आणि किल्ली फिरली! मग त्यांनी सायकलच्या चाकाची एक तार घेतली, बाजूच्या बारीक भोकात घालून दाबली आणि सबंध नळकांडे किल्लीसकट बाहेर ओढले. या कुलपाच्या आत एक स्प्रिंगची खीळ होती. किल्ली ठराविक जागी फिरवल्यावरच ती त्या भोकासमोर येते. ज्याच्याजवळ किल्ली, त्यालाच कुलूप काढता यावे, चोराला नव्हे, अशी ही युक्ती. मला तर ती फार आवडली. सगळ्या ट्रॅक्टरांत अशी खीळ नसते. कित्येकांत पुढचा नट सोडवला की सबंध स्विचच निघतो.

आणि दुसरी किल्ली नसती तर? मग किल्लीच्या छिद्रातून आधी बारीक, मग जाड ड्रिल घालून पत्र्या कापाव्या लागल्या असत्या. पितळ मऊ असल्याने ते जमते, पण कुलूप वाया जाते.

हे सारे तासाभरात उरकले. दादांची घाई खरी होती, हे मी नाकारत नाही. पण 'डायरेक्ट' केलेला ट्रॅक्टर हंगाम संपेपर्यंत तसाच चालवला जातो आणि रोज सकाळी कोणी तरी चाकासमोर उभे राहते. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल, तर त्याची दुसरी किल्ली कोठे ठेवली आहे, ते आजच विचारून ठेवा.