पासिंग झाले, गाडी यार्डातच

महिनाअखेरचे तीन दिवस आपल्या धंद्यात कसे जातात, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. एरिया मॅनेजरचा फोन सकाळी, दुपारी आणि पुन्हा रात्री. स्लॅब गाठायला पाच गाड्या कमी पडताहेत आणि हातात गिऱ्हाईक नाही. मग पाच बिले निघतात: एक सेल्स मॅनेजरच्या नावावर, एक अकाउंटंटच्या, दोन मालकांच्या घरातल्यांच्या आणि एक ओळखीतल्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याच्या. ‘वाहन’ प्रणालीवर अर्ज चढतो, कर भरला जातो, नंबर पडतो. कंपनीच्या तक्त्यात पाच गाड्या विकल्या गेल्या. यार्डात त्या जागच्या जागी उभ्या असतात, सीटवरचे प्लॅस्टिकसुद्धा निघालेले नसते.

ही प्रथा जुनी आहे आणि तिच्याबद्दल आपण चारचौघांत बोलत नाही. या अंकात बोलायचे ठरवले, कारण तिचा तोटा आता एका शोरूमच्या ताळेबंदापुरता उरलेला नाही. ज्या एका आकड्याच्या बळावर आपण डीलर मंडळी कंपन्यांपुढे, बँकांपुढे आणि सरकारपुढे आपली बाजू मांडतो, तोच आकडा आपण आपल्या हाताने खोटा करत आहोत.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घरी न्यायची असते म्हणून आठ दिवस आधी पासिंग करून ठेवणे, हा या तक्रारीचा विषय नाही. नंबर प्लेट लागल्याशिवाय नवी गाडी ताब्यात देता येत नाही, तेव्हा मुहूर्त साधायचा तर नोंदणी आधी करावीच लागते. तिथे गिऱ्हाईक खरे असते, पैसे खरे असतात, फक्त तारीख पुढेमागे होते. पितृपक्षात शोरूम ओस आणि घटस्थापनेपासून रांग, हा महाराष्ट्रातला चढउतार आकडे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण बोलतो आहोत ते गिऱ्हाईकच नसलेल्या नोंदणीबद्दल.

आता तो आकडा कोणता ते पाहू. ‘सियाम’ ही वाहन उत्पादकांची संघटना दरमहा जे आकडे देते ते कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचे. वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत तेच विक्री म्हणून छापून येत. गाडी ट्रेलरवर चढली की कंपनीची विक्री झाली. व्याज मात्र त्या दिवसापासून डीलरच्या खात्यावर चढू लागते. या चित्राला उत्तर म्हणून ‘फाडा’ या आपल्या देशव्यापी संघटनेने ‘वाहन’वरच्या नोंदणीचे आकडे दरमहा जाहीर करायला सुरुवात केली. डीलरांना मिळालेले हे सगळ्यांत मोठे साधन आहे, असे आमचे ठाम मत आहे. २०२४ मध्ये त्याचा उपयोग दिसला. त्या ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांचा साठा ७० ते ७५ दिवसांवर गेला होता; सुमारे ७.८ लाख गाड्या, किंमत ७७,८०० कोटी रुपये. सप्टेंबरात तो ८० ते ८५ दिवसांवर पोचला. ‘फाडा’ने हे जाहीरपणे मांडले, गाड्या लोटणे थांबवा असे कंपन्यांना सांगितले, बँकांनाही सावध केले. तो वाद आकड्यांवर उभा होता म्हणून तो ऐकला गेला.

आता त्याच काळात देशभरातल्या डीलरांनी स्वतःच्या नावावर केलेल्या पासिंगचा विचार करा. अशी प्रत्येक गाडी नोंदणीत जाते, म्हणजे मागणी एकाने वाढलेली दिसते. ती साठ्यातून कमी होते, म्हणजे ओझे एकाने घटलेले दिसते. यार्डातली गाडी मात्र हललेली नाही आणि तिच्यावरचे कर्जही फिटलेले नाही. आपण एका बाजूने ‘साठा फुगलाय’ म्हणून ओरडायचे आणि दुसऱ्या बाजूने तो फुगवटा स्वतःच्या पैशाने झाकायचा, हे कंपनीच्या सोयीचे आहे. डीलरच्या मुळीच नाही.

कंपनीचा नियोजन विभाग हीच नोंदणी बघून पुढच्या तिमाहीचे उत्पादन ठरवतो. त्या आराखड्यावर चाकण, रांजणगाव, नाशिक, वाळूज इथले सुटे भाग बनवणारे लघुउद्योजक आपली शिफ्ट लावतात, पोलाद मागवतात, कंत्राटी माणसे घेतात. खोटी मागणी उघडी पडते तेव्हा शेड्युल एका फोनवर कापले जाते, आणि पहिली झळ त्यांना लागते.

दुकानाचा हिशेबही नीट मांडून पाहू. समजा महिन्याचे टार्गेट १०० गाड्यांचे आहे, ९५ झाल्या आहेत आणि १०० झाल्या तर प्रत्येक गाडीमागे ५ हजार रुपये जादा मिळणार आहेत. म्हणजे ५ लाख. पाच गाड्या स्वतःच्या खात्यात पासिंग केल्या. गाडी ९ लाखांची पेट्रोलवरची असेल तर महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी वाहन कर ९९ हजार रुपये. तो व्यक्तीच्या नावावरचा दर. डीलरच्या कंपनीच्या नावावर नोंदवली तर कर आणखी जास्त, आणि म्हणूनच अशी नोंदणी नोकराच्या नाहीतर नातेवाइकाच्या नावावर होते. वर विम्याचा हप्ता. ही गाडी पुढे विकताना गिऱ्हाईक दुसरा मालक ठरतो, म्हणून तो सूट मागतो आणि ती द्यावीच लागते. कर आणि विम्यातला गिऱ्हाइकाकडून वसूल न झालेला भाग, सूट, व्याज मिळून गाडीमागे ६० हजारांचा फटका बसला असे धरले तर ३ लाख गेले. कागदावर २ लाख उरले आणि सगळे खूश.

पण त्या पाच गाड्यांची गिऱ्हाइके येणार कुठून? पुढच्या महिन्याच्या गिऱ्हाइकांतूनच. जो माणूस १० तारखेला नवी गाडी घेणार होता तो यार्डातली पासिंग झालेली घेतो. म्हणजे पुढचा महिना उणे पाचने सुरू होतो, आणि या महिन्यात १०० झाल्या म्हणून टार्गेट १०५ चे आलेले असते. आता खड्डा आणखी दहाने खोल. हे गणित तीन-चार महिने चालले की मिळालेले इन्सेंटिव्ह आणि गमावलेले मार्जिन यांची बेरीज उणे निघते. ज्यांनी सलग वर्षाचा हिशेब गाडीनिहाय काढला आहे, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. ज्यांनी काढलेला नाही त्यांनी तो काढावा.

या हिशेबात न येणारी एक बाजू आहे आणि आमच्या मते ती सगळ्यांत गंभीर आहे. नमुना २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, डीलर सही करतो की अमुक गाडी अमुक व्यक्तीला अमुक तारखेला ताब्यात दिली. गाडी कोणाच्याच ताब्यात दिलेली नसताना ही सही करणे म्हणजे परिवहन खात्याला लेखी खोटे सांगणे आहे. ज्याच्या नावावर ती चढते तो बहुधा महिन्याला पंचवीस-तीस हजार कमावणारा आपला कर्मचारी असतो. गाडी १० लाखांवरची असेल तर १ टक्का टीसीएस त्याच्या पॅनवर जमा होतो आणि ती खरेदी आयकर खात्याच्या नोंदीत त्याची म्हणून दिसते. उद्या नोटीस आली तर एवढे पैसे कुठून आणले, याचे उत्तर त्याने द्यायचे. नमुना २९ आणि ३० वर त्याच्या कोऱ्या सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. तो नोकरी सोडून गेला की व्यवहार त्या कागदांच्या भरवशावर. मधल्या काळात त्या गाडीने अपघात केला तर? गाडी विकली गेली असली तरी आरसीवर ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपल्या स्लॅबसाठी आपण एका पगारदार माणसाला या जागी उभे करतो. नोकरी टिकवायची म्हणून तो नाही म्हणू शकत नाही, आणि याला त्याची संमती म्हणता येत नाही.

गिऱ्हाइकाबद्दल थोडक्यात. गाडी आधी पासिंग झालेली आहे, तुम्ही दुसरे मालक असाल, वॉरंटी अमुक तारखेपासून चालू आहे, विम्यातले घोषित मूल्य वयाप्रमाणे घटेल, आणि म्हणून एवढी सूट, असे सगळे लेखी सांगून केलेला सौदा चोख आहे. अनेकांना तो परवडतो. मात्र आरसी हातात पडेपर्यंत ही गोष्ट लपवली जाते, असे प्रकार घडतात. त्यांचे समर्थन या मासिकात कधीही होणार नाही.

काही वेळा सरकारी मुदतीच डीलरला या वाटेवर ढकलतात, हे मान्य करायला हवे. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री बंद केली, तेव्हा देशात अशा सुमारे ८.२४ लाख गाड्या पडून होत्या. हातात दोन दिवस. दुचाकींवर हजारो रुपयांची सूट लागली, आणि उरलेल्यांतल्या अनेक गाड्या कोणाच्या ना कोणाच्या नावावर चढल्या. बीएस-४ ची ३१ मार्च २०२० ही मुदत दीड वर्ष आधी ठरलेली होती, पण अखेरच्या आठवड्यात टाळेबंदी आली. न्यायालयाने उरलेल्या साठ्यातल्या १० टक्के गाड्या विकायला सवलत दिली आणि जुलैत ती मागे घेतली, कारण मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त गाड्या विकल्याचे समोर आले होते. त्या प्रकरणात आपल्या धंद्याची विश्वासार्हता गेली, आणि ज्या डीलरांनी नियम पाळला त्यांनाही त्याच रांगेत उभे राहावे लागले.

आकडे अशा नोंदणीने किती वेडेवाकडे होतात हे युरोपने २०१८ मध्ये पाहिले. १ सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या गाडीला उत्सर्जनाची नवी चाचणी सक्तीची होणार होती. जुन्या चाचणीच्या गाड्या ऑगस्टमध्ये घाईने नोंदवल्या गेल्या आणि युरोपीय संघातली नोंदणी ३१ टक्क्यांनी उसळली. सप्टेंबरमध्ये ती २३ टक्क्यांहून जास्त कोसळली. लोकांची गाडी घेण्याची इच्छा एका महिन्यात इतकी वरखाली होत नसते. जर्मनीत एका दिवसापुरती गाडी नोंदवून ती सवलतीत विकणे हा उघड, जाहिरात करून चालणारा प्रकार आहे, पण तिथे नोंदणी खासगी माणसाच्या नावावर झाली की व्यवसायाच्या, हे दरमहा वेगळे कळते. वाचणाऱ्याची फसगत होत नाही. अमेरिकेत फियाट क्रायस्लरने मासिक विक्रीचे फुगवलेले आकडे वर्षानुवर्षे दिले, डीलरांना खोटी विक्री नोंदवण्यासाठी पैसे दिले. २०१९ मध्ये तिथल्या रोखे नियामकाकडे कंपनीला ४ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले. आपल्याकडे याच गोष्टीची किंमत कंपनी भरत नाही. डीलर भरतो.

भाव खाली आणायची उघड मुभा डीलरला असती तर निम्म्या गाड्या अशा वाटेने गेल्याच नसत्या. डीलरने किती सूट द्यावी यावर मारुतीने घातलेल्या बंधनांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. ती चौकशी सुरू झाली ती मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्रातल्या डीलरांबद्दलच्या एका निनावी ई-मेलवरून. सूट देता येत नाही आणि साठा परतही करता येत नाही, अशा कोंडीत सापडलेला डीलर पासिंग करून गाडी ‘जुनी’ करतो, म्हणजे तिच्यावर सूट देता येते. दोष एकट्या डीलरच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे आहे. पण सही त्याची असते.

उपाय अवघड नाहीत. ‘वाहन’मध्ये मालकाचा अनुक्रम आणि हस्तांतरणाची तारीख दोन्ही असतात. पहिल्या नोंदणीनंतर ९० दिवसांच्या आत दुसऱ्याच्या नावावर गेलेल्या गाड्या किती, हे दरमहा ब्रँडनिहाय काढता येईल. नावे जाहीर करायची गरज नाही, नुसती संख्या पुरे. ‘फाडा’ने ती आपल्या मासिक निवेदनात स्वतंत्र ओळीत द्यावी. पहिले काही महिने ती ओळ आपल्याला लाजवेल, हे मान्य. पण आपला आकडा आपणच स्वच्छ केला तर कंपन्यांना त्यावर बोट ठेवता येणार नाही. कंपन्यांनीही इन्सेंटिव्ह मोजताना डीलर, त्याचे संचालक, कर्मचारी यांच्या नावावरची नोंदणी वजा करावी, डेमो गाड्या तेवढ्या वेगळ्या धराव्यात. काही अधिकारी तोंडी सांगतात की आम्हालाही हे नको आहे. मग ते योजनेच्या परिपत्रकात लिहून द्यावे.

वाचक डीलरांना एक विनंती. पुढच्या रिव्ह्यू मीटिंगला जाताना गेल्या बारा महिन्यांत स्वतःच्या खात्यात पासिंग केलेल्या गाड्यांची यादी काढा, प्रत्येकीवर कर, विमा, व्याज आणि सूट मिळून किती गेले ते शेजारी लिहा, आणि तो कागद एरिया मॅनेजरच्या हाती देऊन त्याची पोच घ्या. कर्मचाऱ्यांच्या नावावर ज्या गाड्या अजून उभ्या आहेत त्या आधी मोकळ्या करा, आणि यापुढे एकाही कर्मचाऱ्याची सही नमुना २९ आणि ३० वर कोरी घेऊ नका.