एका बाटलीची चौकशी

वर्गातील भिंतीवरचा नकाशा एके दिवशी सकाळी फाटलेला आढळतो. ‘हा कोणी फाडला?’ असा प्रश्न गुरुजींच्या मुखातून बाहेर पडतो न पडतो, तोच दहा बोटे एकाच मुलाकडे वळतात. तो मुलगा मुळात खोडकर; शिवाय आदल्या दिवशी त्याला नकाशाजवळ उभा असलेला कोणीतरी पाहिलेला असतो. एवढा पुरावा वर्गाला पुरतो. खिडकी रात्रभर उघडी होती काय, वारा सुटला होता काय, खिळा सैल झाला होता काय, हे पाहण्यास मात्र कोणी उठत नाही.

मोठ्यांच्या जगातही असेच घडते, आणि तेथे त्याची किंमत फार जबर पडते. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाच्या आयुष्यातील दोन प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. पहिला प्रसंग सर्वांना आवडतो व वारंवार सांगितला जातो. दुसरा सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः मुलांना आवर्जून सांगावयास हवा, तो दुसराच होय.

इ. स. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. पाहता पाहता शहर ओस पडू लागले; लोक मिळेल त्या वाटेने गावी निघाले, आणि त्यांच्याबरोबर साथही पसरली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला.

हाफकिन हे मूळचे ओडेसा शहरचे. त्यांचा जन्म इ. स. १८६० मधला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असता त्यांनी पटकीवरील लस तयार केली होती, व तीच घेऊन ते १८९३ साली हिंदुस्थानात आले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी खोली मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. तेथे त्यांनी मांसाच्या पातळ रसात प्लेगचे जंतू वाढविले. रसावर ते तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांना धरून जंतूंचे पुंजके गुहेतील दगडी लोलकांसारखे खाली लोंबू लागत. आपल्या स्वयंपाकघरातील तूप अशा कामी उपयोगी पडेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल! पुरेशी वाढ झाली म्हणजे उष्णता देऊन ते जंतू मारीत, आणि तीच लस होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती सर्वांआधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांना ताप भरला, वेदना झाल्या. परंतु ते बरे झाले. पुढे लक्षावधी लोकांनी ही लस घेतली.

येथवरची कथा धैर्याची आहे, आणि धैर्याचे कौतुक व्हावे हे योग्यच आहे.

यानंतर सहाएक वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचण्याचे काम चालले होते. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी लस घेतलेल्यांपैकी १९ जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. विशेष हे की, त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. त्या बाटलीवर ‘५३ एन’ अशी खूण होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

सरकारने चौकशी नेमली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असा निष्कर्ष निघाला. या संशयास मुळीच आधार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. लस अधिक वेगाने तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक अ‍ॅसिड घालण्याची जुनी रीत सोडून केवळ उष्णतेवर भर दिला होता. बदल ज्याने केला, त्याच्याकडे नजर प्रथम वळणार, हे स्वाभाविकच. त्यातून हाफकिन इंग्रज नव्हते, की वैद्यकाचे पदवीधर नव्हते. परक्या माणसावर ठपका ठेवणे नेहमीच सोपे जाते! त्यांना परळच्या प्रयोगशाळेतील आपले पद सोडावे लागले.

परंतु चौकशीच्या कागदांतच एक बारीक गोष्ट नोंदलेली होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून घेण्याऐवजी नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, आणि अशा ओझरत्या बुडविण्याने ते मरत नाहीत. दुसरेही एक कारण होते. ते जंतू बाटलीत कित्येक दिवस वाढत राहिले असते, तर बाटली उघडताच घाण वास सुटला असता. तसा वास आला नव्हता. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस यांनी व इतर शास्त्रज्ञांनी या गोष्टींकडे बोट दाखविले आणि १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला.

कोणी म्हणेल, एकोणीस माणसे गेली असता चिमटा व वास यांचा काथ्याकूट कशासाठी? ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांचे दुःख मोठे की एका शास्त्रज्ञाचा मान मोठा? हा प्रश्न वरवर दयेचा दिसतो. परंतु त्यात दया नाही. चुकीच्या माणसाला पदावरून काढल्याने मेलेल्यांना न्याय मिळत नाही, आणि खरे कारण मोकळेच राहते. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा ठरविला, तर दुसऱ्या गावी चिमटा पुन्हा मातीत पडणार आणि पुन्हा तसाच वापरला जाणार! चूक हुडकणे निराळे आणि अपराधी पकडणे निराळे. म्हणूनच, हाफकिन यांना सोडून आता त्या मदतनिसाच्या नावाने बोटे मोडणे हेही तितकेच अनुचित ठरेल. साथीच्या दिवसांत, लोकांच्या गर्दीत, घाईने काम करणारा तो माणूस होता. त्याला शिक्षा काय द्यावी, यापेक्षा चिमटा दर वेळी ज्योतीवर तापविला जाईल अशी शिस्त कशी लागेल, हा विचार अधिक उपयोगाचा.

हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, ते कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा, जी त्यांनीच उभी केली होती, ती त्यांच्या हाती परत आली नाही. इ. स. १९२५ मध्ये तिला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव देण्यात आले. त्या वेळी हाफकिन पासष्ट वर्षांचे होते, आणि मुंबईपासून दूर, फ्रान्समध्ये राहत होते.