पिवळ्या गुळाचा हट्ट सोडा

कोल्हापूरचा गूळ बऱ्याचदा काहिलीत नव्हे, उसाच्या सरीतच बिघडतो. मोठ्या बांधणीनंतरही युरियाचा मारा सुरू राहिला, की ऊस हिरवागार दिसतो, पण उशिरा पक्व होतो. रसात साखर कमी उतरते, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतात. अशा रसाचा गूळ काळपट, मऊ होतो आणि पावसाळ्यात पाझरतो.

बाजारात मात्र पिवळ्याधमक रव्यालाच जादा दर! मग काहिलीत हायड्रोस पावडर पडते. तिच्यामुळे गुळात सल्फर डायऑक्साइड उरू शकतो. त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅम आहे. दम्याच्या काही रुग्णांना त्याने धाप लागते. शिवाय पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. अशा पाण्यात पावडरचे दूध कालवले, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते.

एकट्या शेतकऱ्याला किंवा गुळव्याला दोष देऊन भागणार नाही. माती तपासून, वेळेत आणि मोजून खत घालणाऱ्याच्या तांबूस गुळाला गिऱ्हाइकाने चांगला दर द्यायला हवा. २०१४ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा मान रंगापेक्षा चवीने राखायला हवा.