प्रशिक्षण समावेशक, पण कोणत्या भाषेत?

समावेशक आणि सहकार्यशील शाळा घडविण्याचे धडे शिक्षकांना द्यावेत, याविषयी आमचे दुमत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकासाठी वर्षाकाठी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १७ शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकते. आमचा प्रश्न एवढाच, की बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी शाळेच्या शिक्षकाने हे प्रशिक्षण कन्नडमधूनच का घ्यावे?

"शिक्षकांना कन्नड येते, मग अडचण कसली?" असे उत्तर मिळते. अडचण शिक्षकाची नाही, मुलाची आहे. वाचनात अडखळणारे मराठी मूल 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळते. पहिली वेलांटी अक्षराआधी लिहायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा, हे त्याला उमगत नाही. रफार तर त्याहून अवघड. कन्नड लिपीत अशी वेलांटी नाही, आणि जोडाक्षराचा ओत्तक्षर खाली बसतो. त्या लिपीतील उदाहरणांवर तयार झालेला शिक्षक देवनागरीतील अध्ययन-अक्षमता कशी ओळखणार? ते मूल मग 'मठ्ठ' ठरते आणि मागच्या बाकावर जाते.

संविधानातील अनुच्छेद ३५०-क, जो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या 'पुरेशा सोयी' देण्यास सांगतो. इमारत आणि पाठ्यपुस्तक दिले की सोय झाली, असा अर्थ शासन लावत असेल, तर तो आम्हांस मान्य नाही. अप्रशिक्षित शिक्षक ही पुरेशी सोय कशी ठरेल?

आमचा विरोध कन्नडला नाही. मुलांनी गटात, एकमेकांच्या मदतीने शिकण्याची 'नली-कली' पद्धत कर्नाटकातच, मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास रुजली. तिचा आम्हांलाही अभिमान वाटावा. दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांनी एकत्र बसावे, अनुभव वाटून घ्यावेत. मात्र घटकपुस्तिका मराठीत हवी, आणि तज्ज्ञ मार्गदर्शक मराठी वर्ग शिकविलेला हवा. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून मराठी साहित्य मागविता येईल. (महाराष्ट्रानेही ठरावापलीकडे आमच्यासाठी एवढे तरी करावे.)

तूर्त प्रत्येक मराठी शाळेच्या पालकांनी माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारावा: गेल्या तीन वर्षांत आमच्या शिक्षकांना कोणकोणती प्रशिक्षणे दिली, आणि त्यांतील किती मराठीतून? उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवावीत. पुढील निवेदन त्यांच्याच आधारे करू.