न भरणारी जखम आणि योग्य डॉक्टरचा शोध

मूर्तिजापूर : कंबरेवर परकराच्या नाडीने पडलेला काळपट वळ वऱ्हाडातील अनेक वयस्क स्त्रियांच्या अंगावर आढळतो. त्या जागी कधी खाज सुटते, कधी कातडी सोलवटते. खोबरेल तेल किंवा हळद लावली जाते आणि शेतातले, घरातले काम पुढे चालू राहते. मात्र या वळावरची जखम महिनोन् महिने भरत नसेल, तर तो त्वचेचा कर्करोग असू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाने ही बाब पुन्हा समोर आणली.

वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी या अहवालात दोन महिलांची माहिती दिली आहे. सत्तर वर्षांच्या एका महिलेच्या कंबरेच्या उजव्या बाजूची जखम १८ महिने भरली नव्हती. साठीच्या उत्तरार्धातील दुसरी महिला ४० वर्षे परकराविना, घट्ट कसलेले लुगडे नेसत होती. तिची जखम दोन वर्षांची होती. तपासणीत दोघींनाही कर्करोग असल्याचे आढळले. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता.

या अहवालातील सर्वांत बोलका तपशील ‘१८ महिने’ आणि ‘दोन वर्षे’ हा आहे. त्वचेचा कर्करोग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. तरीही निदानाला एवढा विलंब होतो. म्हणूनच उपचार कोणता आणि डॉक्टर कोण, या प्रश्नांच्या आधी ‘केव्हा’ हा प्रश्न येतो.

जुनाच आजार

घट्ट वस्त्राच्या घर्षणातून होणाऱ्या या कर्करोगाची नोंद नवी नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीमुळे होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. सततच्या दाबामुळे कातडी पातळ होते, तेथे व्रण होतो, तो भरण्याआधीच पुन्हा घासला जातो आणि कालांतराने पेशींची वाढ अनियंत्रित होते. भाजल्याचे जुने वण, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमा आणि कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळपायावरील व्रण यांतही हाच धोका असतो.

सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते. त्यामुळे गोऱ्या वंशाच्या लोकांच्या तुलनेत भारतात हा आजार बराच कमी आढळतो. परंतु ‘आपल्याकडे हा होत नाही’ ही समजूतच घातक ठरते. बेसल सेल कार्सिनोमा हा प्रकार प्रामुख्याने चेहऱ्यावर होतो आणि काळपट असल्याने तीळ समजला जातो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा जुन्या व्रणांवर उद्भवतो. सर्वांत आक्रमक असलेला मेलॅनोमा सावळ्या लोकांत बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तो कुरूप किंवा मुका मार समजून सोडून दिला जातो.

आधी तुकडा, मग उपचार

चार आठवड्यांत न भरणारी जखम, वारंवार रक्त येणारी गाठ, आकार वा रंग बदलणारा तीळ किंवा नखाखाली रुंदावणारी काळी रेघ आढळल्यास बायोप्सी आवश्यक ठरते. संशयित भागाचा छोटा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे म्हणजे बायोप्सी. ‘तुकडा काढला की कर्करोग पसरतो’ हा समज निराधार आहे. प्रत्यक्षात नुकसान होते ते निदानाविना चाललेल्या उपचारांनी. औषध दुकानातून घेतलेले स्टिरॉइडयुक्त मलम व्रणाचे रूप बदलते. गाठ जाळून टाकली आणि तुकडा तपासणीला पाठवलाच नाही, तर आजार कोणता होता हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

निदानानंतर मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा असतो. गाठीसोबत भोवतालची काही मिलिमीटर निरोगी त्वचाही काढली जाते. मेलॅनोमामध्ये, तो किती खोल गेला आहे त्यानुसार, हे अंतर एक ते दोन सेंटीमीटरपर्यंत जाते. मोठी जखम झाकण्यासाठी त्वचारोपण करावे लागते. नाक किंवा पापणीजवळच्या गाठीसाठी मोहस् शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. तीत थर काढून लगेच तपासला जातो आणि कडा स्वच्छ होईपर्यंत पुढचा थर काढतात. ही सोय भारतात मोजक्याच केंद्रांत आहे.

शस्त्रक्रिया शक्य नसल्यास किंवा ती पुरेशी नसल्यास किरणोपचार दिले जातात. अगदी वरवरच्या काही प्रकारांत मलम किंवा अतिशीत उपचार पुरतात. आजार पसरला असल्यास इम्युनोथेरपी आणि लक्ष्यवेधी औषधांनी अलीकडच्या वर्षांत नवी आशा निर्माण केली आहे, परंतु त्यांचा खर्च मोठा आहे. अनेकदा लवकर आलेल्या रुग्णाचे काम एका छोट्या शस्त्रक्रियेत भागते. उशीर झालेल्या रुग्णाला याच यादीतील महागड्या टोकाकडे जावे लागते.

डॉक्टर कसा निवडावा

संशयित व्रण प्रथम एमडी किंवा तत्सम पदव्युत्तर पात्रता असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाला अथवा शल्यचिकित्सकाला दाखवावा. कर्करोग निश्चित झाल्यास एमसीएच किंवा समकक्ष पदवीचा कर्करोग शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ आणि आवश्यकतेनुसार प्लास्टिक सर्जन यांच्या एकत्रित सल्ल्याने उपचार ठरणे इष्ट असते. फलकावरील ‘स्किन स्पेशालिस्ट’ या शब्दांवरून पात्रता कळत नाही. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि औषधचिठ्ठीवर देणे बंधनकारक आहे. तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

याखेरीज चार प्रश्न विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. बायोप्सीचा अहवाल काय सांगतो? आजार कोणत्या टप्प्यात आहे? दुसरा पर्याय कोणता? काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या का? या प्रश्नांनी नाराज होणारा किंवा तपासणीआधीच खात्रीशीर बरे करण्याची हमी देणारा डॉक्टर टाळलेला बरा. मागणी केल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत देण्याची तरतूदही याच नियमांत आहे. अहवालासोबत बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक जपून ठेवल्यास दुसरे मत घेणे सुलभ होते.

अंतर किलोमीटरचे नव्हे

मूर्तिजापूरकरांसाठी अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ४० किलोमीटरवर आहे. अकोल्यातच संत तुकाराम रुग्णालय, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व राष्ट्रीय कर्करोग संस्था, तर थेट रेल्वेमार्गावर मुंबई आणि तेथील टाटा स्मारक रुग्णालय आहे. कर्करुग्णांना उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत मिळते. तालुक्यातील दापुरा येथे बालपण गेलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा टाटातील रुग्णांना आसरा देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत समाविष्ट आहे का, याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच करावी.

यावरून साधनांचा सर्वथा अभाव आहे, असे म्हणता येत नाही. खरे अंतर संकोचाचे आहे. कंबरेवरची जखम पुरुष डॉक्टरला कशी दाखवावी, सोयाबीनचा हंगाम सोडून अकोल्याला कोण नेणार, दुखत नाही तर कशाला जायचे, या विचारांत महिने सरतात. घरातील स्त्रीला ‘जखम भरली का?’ एवढे विचारणे, परकराची नाडी सैल किंवा रुंद पट्ट्याची ठेवणे आणि महिनाभरात व्रण न भरल्यास सोबत जाऊन तो दाखवणे, एवढे कुटुंबाच्या हाती आहे. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत होणाऱ्या महिलांच्या आरोग्य तपासणीत त्वचेची पाहणी समाविष्ट करणे शासनाच्या हाती आहे. खानोलकरांच्या नोंदीला आठ दशके उलटली. त्यानंतरही वऱ्हाडातील स्त्रीची जखम दोन वर्षे अंगावरच राहत असेल, तर त्याचा दोष तिच्या एकटीच्या माथी मारता येणार नाही.