दोन आसनांची गाडी

वाचकहो, या स्तंभात आपण गुडघ्यांविषयी बोललो, झोपेविषयी बोललो, औषधांच्या डब्यांविषयीही बोललो. मोटारीविषयी, आणि तीही दोनच माणसे बसतील अशा वेगवान मोटारीविषयी, लिहिण्याची वेळ माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. परंतु एका शाळासोबत्याचा जुना दूरध्वनी अलीकडे पुन्हा आठवला. त्यातला प्रश्न वरवर पाहता मोटारीचा असला तरी तो आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे.

हा माझा मित्र १९७४ साली शिक्षणासाठी अमेरिकेस गेला आणि ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे स्थिरावला. विद्यार्थिदशेत शेजारच्या घरासमोर उभी असलेली शेवरोले कॉर्व्हेट त्याने पाहिली आणि ती मनात राहिली. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, इकडे आईवडिलांची आजारपणे यांत चार दशके सरली. २०२१ च्या वसंतात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्याने अखेर नव्या कॉर्व्हेटची मागणी नोंदवली आणि एक हजार डॉलर अनामत भरली. वहिनींना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, निदान होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. पण त्या स्वयंपाक करीत, मैलभर चालत. उन्हाळ्यात दोघांनी केंटकीच्या डोंगरांतून फिरून यायचे, असा बेत होता.

जगातल्या साऱ्या कॉर्व्हेट केंटकीतील बोलिंग ग्रीन या एकाच गावी तयार होतात. त्या वर्षी मोटारींना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा जगभर तुटवडा होता. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये त्या गावावर भीषण चक्रीवादळ कोसळले. माणसे दगावली, कारखान्याच्या छपराचे नुकसान झाले, आत तयार होत असलेल्या शंभराहून अधिक गाड्या निकामी झाल्या. दोष कोणाला द्यावा? कारखाना प्रत्येक विक्रेत्याला गाड्यांचा वाटा ठरवून देतो. तो वाटा येईपर्यंत मागणी केवळ नोंदीच्या पायरीवर पडून राहते. तिला प्रत्येक टप्प्याचा एक क्रमांक असतो. ११०० म्हणजे नुसती नोंद, २००० म्हणजे स्वीकार, ३००० म्हणजे बांधणीसाठी पुढे गेली. माझा मित्र रोज सकाळी चहाबरोबर हा क्रमांक पाहत असे. मार्च २०२२ उजाडला तरी तो ११०० च होता.

त्याच सुमारास त्याचा दूरध्वनी आला. "अरे, रद्द करू की थांबू?" एवढेच त्याने विचारले. मी थोडे खोदून विचारले, तेव्हा उरलेले बाहेर आले. वहिनींचे पाऊल आता दारात अडखळून थबकत होते. खुर्चीतून उठताना त्यांना हात द्यावा लागत होता. लेक म्हणत होती, "बाबा, या वयात हे खूळ कशाला?" आणि वहिनी काहीच म्हणत नव्हत्या.

लेकीचे ते वाक्य मला रुचले नाही, हे येथे नमूद करतो. "या वयात" हे कारण नव्हे. ज्येष्ठाने मोटार चालवावी की नाही, हे जन्मतारखेवरून न ठरवता डोळे, मान, पाय आणि औषधे पाहून ठरवावे. मोतीबिंदूमुळे रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात का? मान वळवून मागचे पाहता येते का? झोप आणणारे एखादे औषध चालू आहे का? पायांसाठी एक सोपी चाचणी आहे. हात छातीशी बांधून, भिंतीला टेकवलेल्या साध्या खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. जवळ कोणी तरी उभे असावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारापेक्षा कमी आणि स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक मानतात. मित्राने चौदा वेळा उठून दाखवले. वहिनींना हाताचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता आले नाही.

त्या गाडीची एकूण उंचीच सव्वा मीटरच्या आत आहे. बसणारा जवळजवळ जमिनीलगत टेकतो आणि गुडघे कमरेच्या वर येतात. कंपवाताच्या रुग्णाला उठण्यासाठी नेमके याच्या उलट हवे असते. कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर, पावले मागे ओढलेली, बूड आसनाच्या कडेला, आणि नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल इतके वाकून एक, दोन, तीन म्हणत उभे राहणे. मोटारीत शिरताना आधी पाठमोरे होऊन आसनावर बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. आसनावर गुळगुळीत कापड असेल तर वळणे सोपे जाते. मात्र गाडी सुटण्यापूर्वी ते काढून घ्यावे. प्रवासाची वेळ औषधाचा अंमल चांगला असताना धरावी. आणि उठल्याबरोबर चालू लागू नये, कारण या आजारात उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी, गाडी कोणतीही असो, एवढे ध्यानात ठेवावे.

मी मित्राला सांगितले की फोनवर निर्णय नको. विक्रेत्याकडे तशीच गाडी उभी असेल, तर वहिनींना औषधानंतर तासाभराने तेथे घेऊन जा आणि त्यांना बसू दे. अनामत परत मिळेल की नाही, हे पावतीवर काय छापले आहे ते वाचून पाहा; तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस. आणि स्वतःसाठी एक तारीख ठरव. मॉडेलचे वर्ष संपले की मागणी पुढच्या वर्षाच्या यादीत नव्या किमतीने जाते. उलट बांधणीचा आठवडा एकदा ठरला की रद्द करणे अवघड होते. अनिश्चित वाट पाहणे पंचेचाळिसाव्या वर्षी परवडते. घरात वाढता आजार असताना ते मनुष्याला आतून पोखरते, असे मी माझ्या रुग्णांत वारंवार पाहिले आहे.

ते दोघे गेले. वहिनी बसल्या, हसल्या, चाकावर हातही ठेवला. उतरताना मात्र पाय जागचे हलेनात. नवरा आणि विक्रेत्याचा एक तरुण मदतनीस, अशा दोघांनी मिळून त्यांना बाहेर काढले. घरी परतताना त्या म्हणाल्या, "अहो, गाडी हवी तर जरूर घ्या. पण माझ्यासाठी घेतली, असे मात्र कोणाला सांगू नका."

मित्राने मला हे वाक्य ऐकवले आणि बराच वेळ थांबला. वर्षभर तो गाडीची वाट पाहत नव्हता, असे तो म्हणाला. गाडी आली की पत्नीही वर्षभरापूर्वीची होईल, अशी काहीशी त्याची समजूत झाली होती. मागणी रद्द केली तर आजार खरा ठरला असता.

माझे मत विचाराल, तर त्याने गाडी घेतली असती तरी मी त्याला दोष दिला नसता. शुश्रूषा करणाऱ्यालाही आठवड्यातून दोन तास स्वतःचे हवेत, आणि ते त्याने कसे घालवावेत हे इतरांनी ठरवू नये. एखादा पोहायला जातो, एखादा मोटार हाकतो. पण त्याला एकट्याने डोंगरांत जायचे नव्हते. एप्रिलमध्ये त्याने मागणी रद्द केली. पावतीवर तसे लिहिलेले असल्याने अनामत दोन आठवड्यांत पूर्ण परत आली. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला, याचाच त्याला अधिक राग आला. काही दिवस तो तिच्याशी मोजकेच बोलला. मी मध्ये पडलो नाही.

पुढे त्याने जुनी कॅमरी विकून आसन बरोबर कमरेच्या उंचीवर येईल अशी एक साधी मोटार घेतली. दरवाजाच्या वर धरायला मूठ आहे की नाही, हे त्याने प्रथम पाहिले. मे महिन्यात त्या गाडीतून ते बोलिंग ग्रीनला गेले. तेथे कारखान्याजवळच कॉर्व्हेटचे संग्रहालय आहे. तो सारा प्रदेश चुनखडीचा, खाली गुहाच गुहा. फेब्रुवारी २०१४ मध्ये संग्रहालयाची जमीन अचानक खचली आणि आठ मोटारी विवरात गेल्या. चाकांच्या खुर्चीत बसून वहिनींनी ती जागा पाहायचा हट्ट धरला आणि इतर दालनांपेक्षा तेथेच जास्त वेळ काढला.

परत निघताना त्यांनी मूठ धरली, बसल्या, दोन्ही पाय एकदम आत घेतले आणि पट्टाही स्वतः लावला. मित्र अभियंता असल्याने त्याने वेळ मोजला होता. चाळीस सेकंद.