मार्थाची तक्रार

दोन रविवारांपूर्वीची गोष्ट. उपासना संपली होती आणि चर्चच्या आवारात नेहमीप्रमाणे आम्हा बायकांचे घोळके गप्पा मारत उभे होते. आमच्या मंडळीतली एक मुलगी (मुलगी म्हणजे पस्तिशीची, पण मला मुलगीच) बाकावर एकटी बसून रडत होती. तिची आई वर्षभरापासून अर्धांगवायूनं अंथरुणावर आहे. भाऊ परदेशात. ही बँकेत नोकरी करते आणि उरलेला सगळा वेळ आईचं करते. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, ‘‘रडायचं नाही गं. आपण ख्रिस्ती माणसं, आपण असं खचायचं नसतं. विश्वास ठेव, शांती मिळेल.’’

तिनं झटकन डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘सॉरी.’’

ते ‘सॉरी’ मला फार लागलं. सांत्वन करणारी बाई वाईट नाही, माझी चांगली मैत्रीण आहे ती. पण हेच वाक्य मी स्वतः चार वर्षं ऐकलंय, आणि त्या चार वर्षांत त्या वाक्यानं मला एक दिवससुद्धा शांती दिली नाही. शांती मिळाली, पण ती वेगळ्याच वाटेनं आली.

२०११ च्या जुलैत यांच्या किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. मधुमेह जुना होता, आम्ही दोघांनीही तो अंगावर काढला होता. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. मी शाळेत शिक्षिका, मुलगा दहावीत, घरी सासूबाई. आम्ही राहतो ते शहर म्हणजे आताचं अहिल्यानगर. आमच्या तोंडी अजून नगरच. इथला उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांनाच कळेल की दिवसाला एक लिटर पाणी म्हणजे काय! चहा, आमटी, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्या लिटरातच. सकाळी मी बाटली भरून ठेवायची आणि दिवसभर तिच्यावर पहारा द्यायचा. भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, कारण पोटॅशियम वाढलं तर हृदयाला धोका. केळं बंद, शहाळं बंद, मीठ नावाला. यांच्या हातावर फिस्टुला केलेली होती. तिथे बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं जाणवायचं. रोज रात्री मी ते गुरगुरणं तपासायची आणि मगच झोपायची. झोपायची म्हणजे काय, आडवी व्हायची.

या काळात घरी प्रार्थनेला खूप माणसं आली. त्यांचा मायेचा भाग मी विसरणार नाही. पण जाताना बहुतेकजण तेच सांगून जात, ‘‘तुम्ही खंबीर राहा. तुमच्या तोंडावर शांती दिसली पाहिजे, तीच साक्ष असते.’’ मग मी हसून चहा करायची. एक भाऊ तर म्हणाले की कुटुंबात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय, नाहीतर आजार हटला असता. डायलिसिस थांबवून फक्त प्रार्थनेवर राहा, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. यांनी अंथरुणावरूनच हात जोडले, ‘‘भाऊ, शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता, एवढं तरी लक्षात ठेवा.’’ आजारपणातही विनोदबुद्धी शाबूत होती यांची! प्रार्थनेच्या नावाखाली औषधोपचार बंद करायला सांगणं याला मी श्रद्धा म्हणत नाही, आणि यावर मला चर्चाही करायची नाही.

माझा खरा त्रास दुसराच होता. देवाशी बोलायलाच मला जमेना. जे मनात होतं ते बोलायचं नाही आणि जे बोलायचं ते मनात नाही, अशी प्रार्थना किती दिवस चालणार?

मे महिन्यातली एक रात्र. मी स्वयंपाकघरात आले तर हे अंधारात माठाजवळ उभे. दोन पेले घटाघटा प्यायले होते. मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. हे काही न बोलता आत गेले, आणि मला माझीच इतकी घृणा वाटली की मी तिथेच ओट्याला टेकून खाली बसले. आवाजानं सासूबाई उठून आल्या. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. त्यांचा एक नेम होता, रोज रात्री झोपण्यापूर्वी स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र वाचायचं. दीडशे स्तोत्रं ओळीनं संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्री वाचायचं राहिलं होतं. चष्मा लावून त्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘ऐक.’’

अठ्ठ्याऐंशीवं होतं. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे. माणूस रात्रंदिवस देवाचा धावा करतोय, देव तोंड लपवतोय, मित्र दूर गेलेत. अशी रडगाऱ्हाण्याची स्तोत्रं बायबलमध्ये खूप आहेत, पण बहुतेकांच्या शेवटी एखादं वळण येतं, आशेचा, स्तुतीचा सूर लागतो. यात तसं नाही. ते अंधारातच संपतं. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं, आमेन म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं.

‘‘आई, पुढे काही नाही?’’

‘‘नाही. एवढंच आहे.’’ मग जरा वेळानं म्हणाल्या, ‘‘पोरी, ज्यांनी बायबल जमवलं त्यांनी हेही आत ठेवलंय की नाही? काढून नाही टाकलं. मग तू कशाला गिळून बसतीस? माझा लेक आहे तो. मी रोज देवाला जाब विचारते.’’

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. या बाईला मी कधी मोठ्यानं रडताना पाहिलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून पोटभर रडलो. देवाला नाही नाही ते बोललो. आणि मग, कसं सांगू, छाती हलकी झाली. काही बदललं नव्हतं. सकाळी बाटली भरायची होतीच, क्रिएटिनिन तेवढंच होतं. पण जो ऐकतोय त्याच्यासमोर सोंग करायची गरज संपली होती. त्या रात्री मला झोप लागली.

नंतर मी मार्थाची गोष्ट नव्यानं वाचली. महिला मंडळात हिच्यावर किती प्रवचनं ऐकलीत! येशू घरी आलेला, मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकतेय आणि मार्था स्वयंपाकात गुंतून कुरकुरतेय. तात्पर्य ठरलेलं: मार्था होऊ नका, मरिया व्हा. (हे सांगून झाल्यावर चहा-पोहे मार्थांनीच द्यायचे असतात, तो भाग वेगळा.) पण योहानाच्या शुभवर्तमानात हीच मार्था पुन्हा भेटते, आणि तो प्रसंग आम्हा बायकांना कुणी तितक्या आवर्जून सांगत नाही. भाऊ लाजर आजारी आहे असा निरोप या बहिणींनी पाठवलेला. निरोप मिळूनही येशू दोन दिवस आहे तिथेच थांबतो. तो बेथानीला पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत. मरिया घरातच बसून राहते. मार्था मात्र उठून गावाबाहेर त्याला गाठते आणि तोंडावर सांगते की तुम्ही इथे असतात तर माझा भाऊ मेला नसता. त्याच दमात ती त्याच्यावरचा विश्वासही बोलून दाखवते. तक्रार आणि विश्वास, दोन्ही एकाच तोंडानं. येशू तिला विश्वास कमी पडला म्हणून रागावत नाही. थोड्या वेळानं तर तो स्वतःच रडतो.

जनाबाई विठोबाला कशी फैलावर घेते हे महाराष्ट्राला सांगायला नको. ना. वा. टिळकांनी अभंगांच्या चालीत रचलेली भजनं आम्ही दर रविवारी गातो, मग देवाशी भांडायचा तो मोकळेपणा तेवढा वेशीबाहेर कसा राहिला? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नवऱ्यानं १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं होतं. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधल्या वर्षांतली घालमेल त्यांनी कुठेही झाकलेली नाही. आणि पंडिता रमाबाई! आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा. केडगावला हजारो निराधार बायकामुलींची त्या आई झाल्या, आणि १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मनोरमा गेली. तेव्हा रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांत त्या रडल्याच नसतील, असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

‘कशाचीही चिंता करू नका’ या अर्थाचा पौलाचा उपदेश कितीतरी घरांत भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो. पौलानं तो कैदेतून लिहिला. आणि तो तिथेच थांबत नाही, पुढे म्हणतो की तुमचं मागणं देवाला कळवा, मग बुद्धीपलीकडची शांती येईल. आधी कळवायचं, मग शांती. आपण मधली पायरी गाळतो आणि माणसाला एकदम वरच्या मजल्यावर उडी मारायला सांगतो.

मे महिन्यातल्या त्या रात्रीनंतर मी महिला मंडळात उभी राहून पहिल्यांदा खरं बोलले, की मला राग येतो, भीती वाटते, मी नवऱ्यावर ओरडते. क्षणभर सगळ्या गप्प. मग मागच्या रांगेतल्या एक निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, ‘‘गुरुवारी डायलिसिसला मी बसेन यांच्याजवळ. तू शाळेतून थेट घरी जा आणि झोप.’’ पुढची तीन वर्षं त्यांनी जवळपास एकही गुरुवार चुकवला नाही. आणखी एकीनं मुलाची गणितं घेतली. मी हसतमुख साक्ष देत राहिले असते तर यातलं काहीच झालं नसतं, कारण कुणाला कळलंच नसतं.

हे २०१५ च्या डिसेंबरात गेले, नाताळच्या नऊ दिवस आधी. त्या वर्षी आमच्या दारात तारा लागला नाही. सासूबाईंनी रात्री पुस्तक उघडलं तेव्हा मी विचारलं, ‘‘आज कितवं?’’ तेविसावं होतं, मेंढपाळाचं, सगळ्या जगाचं लाडकं. त्या म्हणाल्या, ‘‘आज हे नको. आज आपण अठ्ठ्याऐंशीवंच वाचू.’’ पहिल्यांदाच त्यांचा नेम मोडला.

तर त्या रविवारी मी त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, ‘‘सॉरी कशाला? रड की.’’ बराच वेळ रडली. मग सांगू लागली, की आईचा राग येतो, भावाचा येतो, देवाचा तर फारच येतो. मी नुसती ऐकत होते. शेवटी विचारलं, तुला आत्ता काय हवंय? जरा लाजलीच सांगताना. म्हणाली, ‘‘काकू, दोन तास पार्लरला जायचंय. आठ महिने झाले, केससुद्धा कापले नाहीत.’’

येत्या शनिवारी तिच्या आईजवळ मी बसणार आहे. मऊ भात आणि वरण करून नेते म्हटलं, तर म्हणाली, ‘‘आईला मेथी घातलेलं वरण आवडतं, चालेल ना?’’